कापशीचा करडा कान

फाल्गुन उतरणीला लागला आणि कृष्णेचे दोन्ही काठ पिवळे झाले.

काहिलींतून उकडून निघालेली हळद खळ्याखळ्यांवर पसरली. ऊन तिच्यावर पांढरं पडलं आणि पिवळं होऊन उठलं. वाऱ्याला हळद लागली, धुळीला लागली, तारेवर बसलेल्या पारव्यांच्या पोटांना लागली. बाभळीची सावलीसुद्धा कडेकडेनं पिवळी. नदी तेवढी करडी राहिली. दोन हरिद्रावर्ण काठांमधून चाललेली, कुणाचाच रंग अंगाला न लावून घेणारी, मिटल्या ओठांची, मंदगामिनी नदी.

अलीकडच्या काठावर पेठ. पेठेच्या टोकाला मार्तंडराव बारदानवाल्यांचं घर. घराच्या मागच्या दाराशी काळ्या दगडाची पायरी. पायरीवर कडेचा टवका उडालेली बशी. बशीत दूध.

दुधात आभाळ.

आभाळात कुणी नाही.

*

बशी ठेवायची ती मनोरमा, मार्तंडरावांची बायको. दूध तिच्या स्वतःच्या चहातलं. वाट बघणं तेही तिचंच. त्या घरात ते दुसऱ्या कुणाच्या वाटणीला आलं नव्हतं.

वाट कापशीची.

वेचलेल्या कापसासारखी पांढरी मांजरी. डावा कान तेवढा करडा, राखेच्या चिमटीत धरून सोडल्यासारखा. डोळे उसाच्या रसाच्या रंगाचे. एका पावसाळ्यात ती न विचारता आली, पिठाच्या डब्यामागे बसली, आणि पाळणा न हललेल्या त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी कुणाच्या तरी पायांत घोटाळू लागलं.

मनोरमेला ती वाचता येऊ लागली. शाळेतली अक्षरं केव्हाच पुसट झाली होती. हे वाचन मात्र दिवसागणिक उजळत गेलं.

शेपटी उभी, टोकाला आकडा: तू माझ्या ओळखीची.

शेपटीचं टोक नुसतंच फटकारतंय: पुरे, आता हात काढ.

गाल चौकटीला, गाल पाटाला, गाल मनोरमेच्या पोटरीला: हे माझं, हेही माझं, आणि तू, तूसुद्धा.

पाठ फिरवून बसली: तुझ्याकडं पाठ करायची मला भीती वाटत नाही.

उंबऱ्यावर मेलेला उंदीर: तुला शिकार जमत नाही, मी बघते ना रोज. घे. खा.

डोळे अर्धे मिटले, हळू, साय धरावी तसे, आणि पुन्हा उघडले:

याला शब्द नव्हता. मनोरमा आपलेही डोळे तसेच मिटायची, तसेच उघडायची. चुलीपुढं दोघी. लाकडं धगधगत असायची, भाकरी फुगत असायची, आणि दोन जीव एकमेकींकडं बघून पापण्या मिटत असायचे. एवढंच. एवढ्यावर तिची संध्याकाळ निभायची.

आणि मांडी.

मनोरमा भाजी निवडायला बसली की कापशी मांडीवर चढायची. पुढचा एक पंजा दाबायची, मग दुसरा. दाबायची, उघडायची, दाबायची. कणीक तिंबावी तशी मांडी तिंबायची, आणि गळ्यात कुठंतरी जातं फिरायला लागायचं. पिलं आईच्या पोटाशी असं करतात, दूध सुटावं म्हणून. दूध तुटून किती ऋतू गेले तरी पंजांना ते आठवत राहतं. पण कुठल्याही मांडीवर आठवत नाही. जिथं जीव बिनघोर होतो, तिथंच आठवतं.

मार्तंडरावांना मांडी नव्हती. ते खुर्चीवर बसत, ताठ, काळा कोट घालून. जेवायला पाटावर बसत ते एक गुडघा उभा करून, उठायच्या तयारीत. गळ्यात तुळशीची माळ, खिशात सुतळीचा तुकडा, बोलण्यात हिशेबापुरते शब्द. वाईट माणूस नव्हता. हात उगारला नाही कधी. मनोरमेच्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा पोती शिवायच्या दाभणानं, सुतळीचे आडवे टाके घालून, त्यांनी स्वतः शिवून दिला होता. काही न बोलता. तिच्याकडं न बघता.

त्या टाक्यांवर ती बरीच वर्षं चालली.

*

गेल्या श्रावणात ते पोतं घेऊन स्वयंपाकघरात आले.

"मारत नाही मी तिला," मार्तंडराव म्हणाले. "मारून काशीला सोन्याचं मांजर कोण वाहील? पलीकडं सोडून येतो. बास."

"पण का? केलंय काय तिनं?"

"देवाच्या दुधात तोंड घालतीय. माळकऱ्याचं घर आहे हे."

"कधी घातलं? तुम्ही बघितलंत?"

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

यावर त्या घरात उत्तर नसायचं. 

पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं गेलं. आतून आवाज आला नाही. मांजर घाबरलं की फिस्कारतं. फार घाबरलं की चपटं होतं, मुकं होतं, दगड होतं. मनोरमेनं त्या मुक्या पोत्यावर हात ठेवला. तागाच्या जाड विणीतून ऊब आली. नख हललं नाही. दोघी सारख्याच गप्प. एक पोत्याच्या आत, एक बाहेर.

नदीवर जाऊन मार्तंडरावांनी, सगळे करतात तसं, पोतं गरागरा फिरवलं. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. दिशा विसरावी म्हणून. मग ते नावेत बसले. पाणी गढूळ होतं, पोतं त्यांच्या पायांशी होतं.

संध्याकाळी ते परतले. रिकाम्या पोत्याची घडी घालून त्यांनी ती विकायच्या पोत्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली.

"सोडली?"

"सोडली. उसात. उंदीर खाऊन लठ्ठ होईल."

"परत आली तर?"

"येत नाही. मांजर घर विसरतं," मार्तंडराव म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

*

मांजर घर विसरत नाही.

हे मनोरमेला ठाऊक होतं. पेठेतली मांजरं कुठून कुठून परत आलेली तिनं बघितली होती, पाय झिजवून, कान फाटून, काट्यांनी भरून. नदीला पूल होता, लांब, वरच्या अंगाला. पुलावरून येईल. पाऊस सरू दे. पाणी उतरू दे. ऊस तुटू दे, आडोसा गेला की येईल.

म्हणून बशी.

भाद्रपदाच्या दमट उन्हात बशी. दसऱ्याच्या आपट्याच्या पानांत बशी. मार्गशीर्षाच्या धुक्यात बशी, आणि धुकं दुधावर ओणवलेलं. सकाळी दुधात मुंग्या. दूध ओत, बशी विसळ, पुन्हा भर.

आणि रोज संध्याकाळी मार्तंडराव मागच्या दारानं पाय धुवून आत यायचे. बशी पायरीवर असायची. ते पाय उचलून तिला ओलांडायचे. कधी लाथ लागली नाही. कधी थेंब सांडला नाही. फार सांभाळून, फार सवयीनं, रोज, ते तिची वाट ओलांडून जेवायला बसायचे.

*

"मनू! अगं मनू! बाहेर ये, आमचा सुभेदार तुझ्या नवऱ्याच्या प्रेमात पडला बघ!"

शेजारच्या तुळसाकाकू सोप्यात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. सुभेदार त्यांचा बोका. डोकं कलिंगडाएवढं, एक सुळा पडलेला, पेठेतल्या प्रत्येक भिंतीवर हक्क सांगणारा. मार्तंडरावांचा कोट खुंटीवर होता. सुभेदार बाकावर मागच्या पायांवर उभा, आणि त्याचं तोंड कोटाच्या खिशात.

"माळकऱ्याच्या खिशात काय ठेवलंय गं? बुक्का हुंगतोय का काय?"

मनोरमा हसायला आली आणि हसता हसता थांबली.

सुभेदारानं तोंड बाहेर काढलं. ते अर्धवट उघडं राहिलं. वरचा ओठ मुडपलेला, नजर कुठंच नाही, एखाद्या मूर्खासारखा तो निश्चल उभा राहिला. तुळसाकाकूंना ते बावळट वाटलं. मनोरमेला ते वाचता आलं. दुसऱ्या मांजराचा वास लागला की मांजर असं तोंड वासून थांबतं. नाकानं पुरत नाही. तो वास ते टाळूनं पितं.

मग सुभेदार वळला. कोटाकडं पाठ केली, शेपटी उभारली, शेपटी थरथरली.

"अगंबाई! कोटावर?" तुळसाकाकू खाली बसायच्या बाकी होत्या. "मेल्या, हद्द सांगायला तुला हाच कोट सापडला? मनू, तुझ्या नवऱ्याच्या कोटावर दुसऱ्या कुणाची हद्द पडलीय गं, हा एवढा चिडायला?"

"काकू, तुमचं आपलं काहीतरीच."

"मी कुठं म्हणते? बोका म्हणतोय!"

कोट धुवायला घ्यावा लागला. मागच्या दारी, पायरीवर, बशीच्या शेजारी बसून मनोरमेनं खिसा उलटा केला. शिवणीत गुलाबी, वाळकं, वाकडं काहीतरी होतं. सुकट. माळ घातल्यापासून ज्याच्या ताटात कांदासुद्धा आला नव्हता, त्याच्या खिशात सुकटीचे कण.

आणि बाहीवर केस. पांढरे.

पहिल्यांदा तिला वाटलं, जुने असतील. गेलेल्या माणसाचे केस कंगव्यात राहतात तसे. तिनं एक केस चिमटीत धरून उन्हात नेला.

तो जाड नव्हता, लांब नव्हता. तो मऊ होता, आतल्या थराचा, फुंकरीनं उडणारा, धुक्याचा धागा. थंडीत मांजराच्या अंगावर आतून अशी दुलई येते. फाल्गुनात ऊन तापलं की ती सुटते, गळते, बसेल त्याला चिकटते.

श्रावणात गेलेली मांजरी फाल्गुनातला केस मागं ठेवून जात नाही.

जिवंत.

आधी आनंद झाला. आधी नुसता आनंद, गोरा, धावत आलेला, शेपटी उभारून आलेला आनंद. जिवंत आहे, ऊन तिला लागतंय, तिचे केस गळतायत.

मग त्या आनंदाच्या मागून दुसरं काहीतरी आलं. पोट जमिनीला टेकवून, कान मागं पाडून, भिंतीच्या कडेकडेनं.

*

बाजाराच्या दिवशी मार्तंडराव जेवून पलीकडं गेले, पोती पोचवायला. मनोरमेनं भांडी घासली. चूल सारवली. चपला घातल्या, सुतळीच्या टाक्यांच्या, आणि पुढच्या नावेनं निघाली.

"वैनी, जपून. फळी ओली हाय," नावाडी म्हणाला. "शेट मगाशीच गेले की. चुकामूक झाली व्हय?"

"व्हय."

पाणी संथ. वल्ह्याचा आवाज पाण्यात जायचा आणि पाण्यातून वर यायचा.

"एक विचारू का, वैनी? रागावू नका. शेट माळकरी न्हवं? मग हे सुकट कसं काय?" नावाडी दात काढून हसला. "अख्खी नाव घमघमती. मी म्हनलं, शेट, पांडुरंगाला कळवू का? तर म्हनले, गप रे, घरच्या मांजरीला न्हेतोय."

मनोरमा पाण्याकडं बघत होती.

"घरच्या," ती म्हणाली.

"आसं म्हनले बघा. घरच्या. आता तुमचं घर हिकडं, नि मांजर तिकडं. मला काय कळंना. कौसल्याबाईच्या खळ्यावर असत्यात शेट, चिंचेपाशी. तिथंच जायाचं न्हवं तुमाला?"

"तिथंच."

नदी रुंद वाटली. कुणीतरी पोतं गरागरा फिरवलं होतं. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. काठ जागेवर नव्हते.

*

चिंच. चिंचेखाली कुंपण. कुंपणाच्या आत पिवळा समुद्र.

हळकुंडांच्या राशी, हळकुंडांचे वाफे, हळकुंडांवर पाय ओढत त्यांना वरखाली करणाऱ्या बाया. त्यांच्या पोटऱ्या पिवळ्या, हसणं पिवळं, पदरांतून पिवळा धूर उठणारा. आणि खळ्याच्या पलीकडं एक ठेंगणं, सारवलेलं, सावलीचं घर.

"चपला तिकडंच काढा बाई, हळदीवर पाय पडतो," एक बाई कुंपणाशी आली. मनोरमेच्याच वयाची. सावळी, रुंद हाडाची, कपाळ मोकळं. "हळद बघायला आलाय का? पेठेतनं?"

"हो. घरापुरती हवी होती."

"या की मग. आत या, उन्हाच्या उभ्या का? फक्त जरा हळू बोला हं." कौसल्याबाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि ओसरीकडं मान केली. "शेटना डोळा लागलाय."

मनोरमा अनवाणी पायांनी हळदीवरून चालत गेली. हळद उन्हानं तापलेली. तळवे पोळत होते. चिंचेची सावली सरली आणि ओसरी दिसली.

ओसरीवर घोंगडी. घोंगडीवर मार्तंडराव.

कोट खुंटीला. पाठ भिंतीला. तोंड किंचित उघडं, लहान मुलाचं असतं तसं. आणि मांडी. मांडी घातलेली. ऐसपैस, सैल, शेताएवढी मांडी. दोन्ही गुडघे जमिनीला टेकलेले, उठायची कसलीच तयारी नसलेले. एवढं पाणी ओलांडून त्या माणसानं इथं येऊन मांडी घातली होती.

मांडीत कापशी.

पांढरी, भरलेली, चकचकीत. पंजे पिवळे, हळदीत फिरून फिरून नव्या नवरीसारखे पिवळे. डोळे मिटलेले. एक पंजा दाबत होती, मग दुसरा. दाबत होती, उघडत होती, दाबत होती. गळ्यात जातं फिरत होतं. मार्तंडरावांचा हात झोपेतही तिच्या पाठीवरून सावकाश उतरत होता, थांबत होता, पुन्हा वर जाऊन पुन्हा उतरत होता.

तो हात मनोरमेनं कधी पाहिला नव्हता. तोच अंगठा, तेच दाभणानं पडलेले घट्टे. तरी तो हात तिनं कधी पाहिला नव्हता.

दुसरं काही तिथं होतं की नव्हतं, ते तिनं शोधलं नाही. कुणाचा पदर, कुणाचं अंथरूण, याकडं तिची नजर गेलीच नाही. तिची नजर त्या मांडीवर पडली आणि तिथंच पोळत राहिली.

"गोड आहे ना?" कौसल्याबाई कानाशी कुजबुजली. "हे गेले तेव्हा घरात उंदरांनी उच्छाद मांडला होता. हळदीची पोती कुरतडायची. शेट बारदान घालायला यायचे, त्यांनीच आणून दिली बघा श्रावणात. पोत्यातून. आली तेव्हा भ्यायली होती बिचारी, चार दिवस जात्यामागून हलली नाही. शेट रोज यायचे, जमिनीवर बसायचे, बोलायचे हिच्याशी. खोटं सांगत नाही, माणसाशी बोलावं तसं. तेव्हा कुठं बाहेर आली."

"त्यांची होती?"

"त्यांच्या घरची. पण म्हणाले, घरी हिचं कुणी करत नाही हो. विचारणारं कुणी नाही. उपाशी मरेल."

उन्हात काहीतरी तडकलं. चिंच असेल, वाळकी, उन्हानं फुटलेली.

भाद्रपदातली बशी. दसऱ्यातली बशी. धुक्यातली बशी. ती ओलांडणारे पाय.

"काय नाव हिचं?" मनोरमेनं विचारलं.

"साखर म्हणतो आम्ही. साखरे म्हटलं की कुठं असेल तिथून येते."

मनोरमा ओसरीच्या कडेशी गेली. एवढं एक तिला हवं होतं. बाकी सगळं या काठाला राहू दे, ती मांडी राहू दे, तो हात राहू दे. एवढं एक.

"कापशे," ती म्हणाली. चुलीपुढच्या आवाजात.

करडा कान वळला.

डोकं हललं नाही. पंजे थांबले नाहीत. डावा, करडा, राखेच्या चिमटीतला कान तेवढा सावकाश तिच्याकडं वळला, आणि तिथं थांबला. कापशीनं ऐकलं होतं. तिनं ओळखलं होतं. कुणाचा आवाज, कुठल्या घराचा, कुठल्या चुलीचा, सगळं त्या कानात होतं. मांजराला हाक कळत नाही असं म्हणणारे मांजराकडं कधी बघत नाहीत. कळते. कळल्यावर यायचं की नाही, ते ते ठरवतं.

उसाच्या रसाचे डोळे उघडले. मनोरमेला बघितलं. अर्धे मिटले, हळू, साय धरावी तसे.

मग पुरते मिटले.

कान परत फिरला, मार्तंडरावांच्या पोटाच्या दिशेनं, जिथं घोरण्याचा आवाज होता.

"ओळखीची वाटलात तिला," कौसल्याबाई हसली. "अशी कुणाकडं बघत नाही एरवी."

मनोरमा हळद न घेताच निघाली. कौसल्याबाईनं तिला कुंपणाच्या दुसऱ्या तोंडाशी, नदीकडच्या वाटेवर थांबवलं. दारी आलेली सवाष्ण तशीच कशी जाईल? तिनं कोनाड्यातला करंडा आणला आणि हात लांब करून पुढं धरला.

"तुम्हीच लावून घ्या बाई. माझा हात चालत नाही."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मोकळं कपाळ आणि भरलेलं कपाळ. करंड्यात या खळ्याची हळद, याच उन्हाची. मनोरमेनं बोट बुडवलं आणि स्वतःच्या हातानं, स्वतःच्या कपाळाला, त्या झोपलेल्या माणसाच्या नावानं हळद लावली.

मग कुंकू.

मग नदी.

*

मांजराला दुखलं की ते सांगत नाही. ते आडोसा शोधतं. पिठाच्या डब्यामागं, लाकडांच्या ढिगात, माळ्यावर. पंजे पोटाखाली दुमडून घेतं, अंग आवळून लहान होतं. अंग चाटत नाही. जेवत नाही. समोरच्या भिंतीकडं बघत बसतं आणि कुणी आलं तर काहीच झालेलं नाही असं दिसतं. ते आजारी आहे हे घरातल्यांना फार उशिरा कळतं, आणि ते म्हणतात, कालपर्यंत तर चांगलं होतं.

घरी येऊन मनोरमेनं बशीतलं दूध तुळशीत ओतलं. बशी विसळली, पुसली, फळीवर उपडी घातली.

उंबऱ्यापासून चुलीपर्यंत तिची पावलं उमटली होती. बशी विसळताना सांडलेल्या पाण्यानं ओली, हळदीनं पिवळी. लक्ष्मीची काढतात तशी. फक्त ही कुणी काढली नव्हती. ती चुलीशेजारी, पिठाच्या डब्याला पाठ लावून बसली. पाय पोटाशी घेतले. हात पदराखाली दुमडले.

चपलांचं भान तिला आता आलं. चिंचेखाली, कुंपणाशी राहिल्या होत्या.

दिवस कलला. पेठेवर तांबूस-पिवळी, थकलेली, हळदी-कुंकवासारखी सांज उतरली. मागच्या दाराशी पाय धुतल्याचं पाणी वाजलं. मग पावलं पायरीशी आली आणि सवयीनं एक पाय उंच उचलला गेला.

ओलांडायला काही नव्हतं. पाय हवेतच अडखळला.

"बशी नाही ठेवलीस आज?"

"मांजर घर विसरतं," मनोरमा म्हणाली. "तुम्हीच म्हणालात."

मार्तंडराव दारात उभे राहिले. बगलेत पोत्याची घडी होती. त्यांनी ती सोडवली, आत हात घातला, आणि पोत्यातून तिच्या चपला काढल्या. अंगठ्यावर सुतळीचे आडवे टाके. ते टाके त्यांना चिंचेखाली लांबूनच ओळखू आले असणार. स्वतःचे टाके माणूस ओळखतो.

त्यांनी चपला उंबऱ्याशी ठेवल्या. जोडीनं. टाचा भिंतीला.

"तिथं उंदीर फार होते," ते म्हणाले. "पोती वाया जायची. बाईमाणूस एकटं. मला वाटलं..."

त्यांनी नीटच ठेवलेली एक चप्पल पुन्हा नीट ठेवली.

"तुला सांगणारच होतो."

"घरी हिचं कुणी करत नाही," मनोरमा म्हणाली. आवाज चढला नाही, उतरला नाही. "विचारणारं कुणी नाही. असं म्हणालात?"

मार्तंडरावांच्या कोटावर मऊ, पांढरे, या फाल्गुनातले केस होते. दिवेलागणीच्या उजेडात ते एकेक दिसत होते. त्यांनी बाही झटकली. केस उडाले, तरंगले, पुन्हा बाहीवरच बसले.

त्या घरात उत्तर नसायचं. आज पहिल्यांदा ते त्यांच्याकडं नव्हतं.

मग त्यांनी एक गोष्ट केली. खुर्ची सोडली, पाट सोडला. तिच्या पिवळ्या पावलांच्या कडेला, सारवलेल्या जमिनीवर ते बसले, आणि त्यांनी मांडी घातली. ऐसपैस नव्हे. घाबरत, अवघडत, गुडघे जमिनीला टेकवायचा प्रयत्न करत. कोरी, उशिराची, रिकामी मांडी.

"अगं," ते म्हणाले.

बाहेर सुभेदार भिंतीवरून गेला.

"अगं, ऐकतीस का?"

खळ्यांवरचा पिवळा रंग विझत चालला होता. पलीकडच्या काठावर कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं आणि ती हाक पाण्यावरून येता येता विरघळत होती. 

"मनोरमा."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. ते नाव त्यांच्या तोंडात नवं होतं, कोवळं होतं, पोत्यातून काढलेल्या मांजरासारखं भेदरलेलं होतं. ते जमिनीवरून सरपटत आलं, पिवळ्या पावलांवरून आलं, गार चुलीपाशी येऊन थांबलं.

तिनं ऐकलं. कुणाचा आवाज, कुठल्या घराचा, किती उशिराचा, सगळं तिनं ऐकलं.

एक कान वळला.

बाकीची मनोरमा, पाय पोटाशी, हात दुमडलेले, कपाळाला दुसऱ्या काठाची हळद, भिंतीकडं बघत, जिथं होती तिथंच बसून राहिली.